आसवाच्या बाटलीत असतं काय?

उज्जैनच्या उत्तरेला क्षिप्रेच्या काठी भैरवगढ आहे. तिथल्या काळभैरवाला दारूचा नैवेद्य लागतो. पुजारी बशीत दारू ओततो, बशी मूर्तीच्या ओठांशी धरतो आणि बघता बघता ती रिकामी होते. बाटलीत उरलेलं भक्ताला प्रसाद म्हणून परत मिळतं. महादजी शिंद्यांनी या भैरवाला आपली पगडी वाहिली, अशी कथा इथे सांगितली जाते. १ एप्रिल २०२५ पासून मध्य प्रदेश सरकारनं राज्यातल्या काही धार्मिक ठिकाणची दारूची दुकानं बंद केली, त्यात उज्जैन महापालिकेची सगळी हद्द आली. भैरवाचा नैवेद्य चालू राहिला, दुकानं हद्दीबाहेर गेली.

औषधांच्या दुकानातल्या एका फळीला मात्र कुणी हात लावला नाही, आणि लावण्याचं कारणही नव्हतं. द्राक्षासव, द्राक्षारिष्ट, कुमारी आसव, लोहासव. भूक लागत नाही म्हणून, बाळंतपणानंतरच्या अशक्तपणावर म्हणून, नुसतं टॉनिक म्हणून ही बाटली चिठ्ठीशिवाय घरोघरी जाते. मराठी घरांनाही ती परकी नाही. पनवेलचं धूतपापेश्वर १८७२ पासून आणि सांडू १८९९ पासून औषधं बनवत आहेत, आणि आजीच्या फडताळात यांपैकी कुणाची तरी बाटली असायचीच. तिच्या लेबलवर बारीक अक्षरांत एक ओळ असते: ‘स्वनिर्मित अल्कोहोल’, आणि पुढे टक्का. फळ आंबवून केलेल्या या पदार्थात नेमकं काय उतरतं, आणि ते पोटात घालायला सुरक्षित आहे हे कसं ठरवतात, हा प्रश्न त्या ओळीपासून सुरू होतो.

आधी हिशेब करून टाकलेला बरा, कारण या विषयात घाबरवणारे आणि हसण्यावारी नेणारे दोघेही हिशेब टाळतात. बहुतेक आसवारिष्टांत ५ ते १० टक्के अल्कोहोल असतं. ८ टक्के धरू. जेवणानंतर २४ मिलिलिटर, दिवसातून दोनदा, म्हणजे ४८ मिलिलिटर द्रव आणि त्यात जेमतेम ४ मिलिलिटर अल्कोहोल. ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये ते साडेसोळा मिलिलिटर असतं. दिवसभराचा डोस बिअरच्या पाव बाटलीइतकाही भरत नाही. धडधाकट माणसाला त्यानं काही होत नाही. पण गरोदर बाई, लहान मूल, यकृताचा रोगी आणि दारू सोडण्याच्या गोळ्या घेणारा माणूस यांना पाव बाटलीही नको असते. आणि अख्खी ४५० मिलिलिटरची बाटली एका बैठकीत रिचवली तर ती दोन बिअरच्या वर जाते. म्हणूनच औषध नियमांनी काही आसवांच्या बाटलीचं कमाल आकारमानच बांधून दिलं आहे: महाद्राक्षासव १२० मिलिलिटर, मृतसंजीवनी सुरा ३०, कर्पूरासव १५. कुणाला काय प्यायची सवय लागू शकते, याची ही सरकारी यादी समजायला हरकत नाही.

फळं आंबवण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे आणि तिची मोजदादही जुनीच आहे. चरकसंहितेत आसवांचे ८४ मूळ स्रोत दिले आहेत. धान्यं ६, मुळं ११, झाडांचे गाभे २०, फुलं १०, कांडी ४, पानं २, साली ४, साखर १, आणि फळं २६. सगळ्यांत मोठा वाटा फळांचा. पुढे तेराव्या-चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधरसंहितेनं कृती नेटक्या केल्या. औषध न शिजवता आंबवलं तर आसव आणि आधी काढा करून मग आंबवलं तर अरिष्ट, हा भेदही तिथेच स्पष्ट होतो.

तिच्यातलं द्राक्षारिष्ट आजच्या मापात मांडलं तर असं दिसतं. २.४ किलो मनुका साडेचोवीस लिटर पाण्यात उकळायच्या आणि आटवून चौथाई, म्हणजे सहा लिटरच्या आसपास काढा उरवायचा. तो गाळून, गार करून त्यात ९.६ किलो गूळ विरघळवायचा. मग दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर, गव्हला, मिरी, पिंपळी आणि वावडिंग यांची पूड, प्रत्येकी एक पळ म्हणजे ४८ ग्रॅम. सगळं तूप चोपडलेल्या भांड्यात भरून तोंड कापडमातीनं बंद करायचं आणि महिनाभर ठेवून द्यायचं.

यात चटकन नजरेत भरतो तो गूळ. मनुकांच्या चौपट! नाव द्राक्षाचं असलं तरी बाटलीतल्या अल्कोहोलचा मोठा भाग उसाचा असतो. एवढ्या घट्ट पाकात यीस्टचाही जीव गुदमरतो. साखर पेशीतलं पाणी ओढून घेते, आंबण्याचं काम मंदावतं आणि बरीचशी साखर तशीच शिल्लक राहते. अरिष्ट गोड लागतं ते म्हणून, आणि मधुमेह्याला ते जपून घ्यायला सांगतात तेही म्हणून.

आणि हे यीस्ट येतं कुठून? कृतीत तर त्याचं नाव नसतं. मनुकांच्या सालीवर, गुळात, हवेत ते थोडंफार असतंच, पण काढा उकळताना मनुकांवरचं मरून जातं. पुष्कळ आसवांच्या कृतीत म्हणूनच धायटीची फुलं येतात. सह्याद्रीत, सातपुड्यात आणि माळव्याच्या रानात उन्हाळ्याच्या तोंडाशी लाल फुलांनी डवरणारं हे झुडूप. वाळलेल्या फुलांत मधाचा अंश राहतो आणि त्याच्या आश्रयानं रानटी यीस्टही राहतं. ही फुलं बरणीत टाकणं म्हणजे नकळत विरजण लावणं. त्या काळच्या वैद्याला सूक्ष्मजीव माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण फुलांशिवाय आसव ‘धरत’ नाही हे त्यानं अनुभवानं ओळखलं होतं.

पुढचं काम यीस्टचं. ग्लुकोजच्या दर १८० ग्रॅममागे ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कर्बवायू, हे त्याचं कागदावरचं गणित. प्रत्यक्षात थोडी साखर स्वतःची पेशी वाढवण्यात, थोडी ग्लिसरॉल आणि सेंद्रिय आम्लांत जाते. अल्कोहोल वाढत जाईल तसतसे मसाल्यांतले आणि सालींतले पाण्यात न विरघळणारे घटक द्रवात उतरायला लागतात. काढ्यापेक्षा अरिष्ट वेगळं ठरतं ते इथे: पिंपळीतलं आणि मिरीतलं पायपरिन, दालचिनीचं सुगंधी तेल यांना अल्कोहोल जास्त मानवतं. शिवाय काढा दोन दिवसांत आंबूस होतो, अरिष्ट वर्षानुवर्षं टिकतं.

आंबवणं पुरं झालं की नाही हे पाहण्याच्या खुणा आयुर्वेद महाविद्यालयांत अजूनही हातानं शिकवल्या जातात. उज्जैनचं शासकीय धन्वंतरी महाविद्यालयही त्याच परंपरेतलं. बरणीला कान लावायचा; आत सूं-सूं, बुडबुड ऐकू येत असेल तर काम चालू आहे. झाकण किलकिलं करून पेटती काडी तोंडाशी धरायची. विझली तर आत कर्बवायू साचलेला आहे. चुन्याची निवळी त्या वायूत धरली तर दुधासारखी होते. काम संपलं की आवाज थांबतो, काडी जळत राहते, वर तरंगणारी पूड तळाशी बसते आणि वास आंबट-गोड, झणझणीत येतो. या परीक्षा अगदी बरोबर आहेत. कर्बवायू आहे की नाही हे पाहायला याहून स्वस्त यंत्र नाही.

अडचण अशी की त्या तेवढंच सांगतात. बरणीत मेथनॉल आहे का, मनुकांबरोबर बुरशीचं विष आलंय का, भांड्यातून शिसं उतरलंय का, याबद्दल काडी काही बोलत नाही. उसाचा गूळ, रानातली फुलं, बागेतलं फळ आणि हवेतले जंतू एका बरणीत कोंडल्यावर दर खेपेला तोच पदार्थ निघेल, असं समजणं हे साहस आहे. पोथीतली कृती एकच असते. बरण्या प्रत्येक वेळी निराळ्या निघतात.

मेथनॉलबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण माणसं मेली आहेत ती त्यानं.

फळांच्या सालीत आणि गरात पेक्टिन असतं; जॅम घट्ट होतो तो त्याच्यामुळे. पेक्टिनला मेथिल गट चिकटलेले असतात आणि फळातलीच विकरं ते सोडवून मेथनॉल मोकळं करतात. त्यामुळे कुठलंही फळ आंबवा, चिमूटभर मेथनॉल येणारच. पेरू, आवळा, सफरचंद यांसारख्या पेक्टिनवाल्या फळांत ते जास्त. उत्तम प्रतीच्या वाइनमध्येही ते असतं. वाइनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं तांबड्या वाइनला लिटरमागे ४०० मिलिग्रॅम आणि पांढरीला २५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा दिली आहे. एवढ्यानं कुणाचे डोळे जात नाहीत. आसवाच्या दिवसभराच्या घोटात तर ते याहून कितीतरी कमी पोटात जाईल. बरणीत आपोआप तयार होणारं मेथनॉल हा मोठा धोका नाही, हे सांगायलाच हवं.

धोका आहे तो बाहेरून ओतलेल्या मेथनॉलचा. नोव्हेंबर १९९१ मध्ये दिल्लीत ‘कर्पूरासव’ या नावानं विकलेल्या बाटल्या पिऊन सुमारे दोनशे माणसं दगावली. औषध म्हणून विकलेल्या त्या द्रवात कारखान्यात वापरायचं मेथनॉल होतं. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस गुजरातच्या खेडा जिल्ह्यात नडियादजवळच्या गावांत ‘मेघासव’ नावाच्या बाटलीनं किमान पाच जणांचा जीव घेतला; तपासात मेथनॉलच निघालं. दारूबंदीच्या राज्यात आसवाचं लेबल किती उपयोगी पडतं, हेही त्यातून दिसलं. उज्जैनला हे दुःख वेगळ्या रूपात माहीत आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये इथे ‘झिंझर’ नावाची, स्पिरिटपासून बनवलेली विषारी दारू पिऊन डझनाहून अधिक माणसं गेली, त्यांतली बहुतेक मजुरी करणारी. तिच्यावर औषधाचं लेबल नव्हतं. पण स्वस्त अल्कोहोलची मागणी आणि कायदेशीर दुकानाची वानवा एकत्र आली की बनावट माल कुठल्याही लेबलाआड उभा राहतो, आणि शहरात दारूबंदी आली असताना औषधाच्या फळीकडे अन्न व औषध प्रशासनानं जास्त लक्ष द्यायला हवं, असं म्हणण्यात आसवाची बदनामी नाही.

मेथनॉल इतकं घातक का? यकृतातलं जे विकर इथेनॉल मोडतं, तेच मेथनॉलही मोडतं. फक्त त्यातून निघतं ते फॉर्मिक आम्ल. ते दृष्टीच्या नसेवर चाल करून जातं. दहा मिलिलिटरच्या आसपास शुद्ध मेथनॉलही आंधळेपणा आणू शकतं. आणखी एक कपट आहे. विकर आधी इथेनॉलकडे वळतं, त्यामुळे दोन्ही मिसळलेल्या बाटलीत पहिले कित्येक तास माणूस ठीकठाक वाटतो. घरचे म्हणतात, नुसती चढली आहे, झोपू द्या. याच गुणामुळे इस्पितळात मेथनॉलबाधेवर उतारा म्हणून इथेनॉलच देतात, किंवा मिळत असेल तर फोमेपिझोल.

प्रयोगशाळेत आसवातलं अल्कोहोल मोजण्याची जुनी रीत सोपी आहे. २५ मिलिलिटर नमुन्यात पाणी घालून ऊर्ध्वपातन करायचं, निघालेला अर्क १०० मिलिलिटरपर्यंत भरायचा आणि त्याची विशिष्ट गुरुता काढायची. पाण्यापेक्षा तो किती हलका आहे त्यावरून टक्का कळतो. पण इथेच गोम आहे. इथेनॉलची घनता ०.७८९ आणि मेथनॉलची ०.७९१. तराजूला दोघं जवळपास सारखीच. बाटलीत ८ टक्के इथेनॉल असो की त्यातलं अर्धं मेथनॉल, आकडा तोच येईल. म्हणून मेथनॉलची परीक्षा वेगळी करावी लागते.

ती भारतीय औषधकोशात अशी दिली आहे. अर्काचा एक थेंब, पाण्याचा एक थेंब, सौम्य फॉस्फोरिक आम्लाचा एक थेंब आणि पोटॅशियम परमँगनेटचा एक थेंब. मिनिटभर थांबायचं, मेथनॉल असेल तर या वेळात त्याचं फॉर्मल्डिहाइड होतं. मग परमँगनेटचा जांभळा रंग जाईपर्यंत सोडियम बायसल्फाइट थेंबथेंब टाकायचं. पाण्यासारख्या झालेल्या त्या मिश्रणात ताजं क्रोमोट्रॉपिक आम्ल ५ मिलिलिटर घालून ६० अंशांवर दहा मिनिटं तापवायचं. परीक्षानळीत जांभळट छटा उमटली नाही तर नमुना पास. चार थेंब, एक नळी आणि गरम पाण्याचं भांडं, एवढ्यावर हे काम होतं. मोठ्या प्रयोगशाळेत हेच गॅस क्रोमॅटोग्राफ करतो आणि मेथनॉल, इथेनॉल, बाकीची मद्यार्कं वेगवेगळ्या शिखरांत काढून दाखवतो.

एक भेसळ मात्र उत्तम यंत्रालाही सहज सापडत नाही. आंबवायला महिना लागतो, तेवढा धीर नसला की काढ्यात गूळ विरघळवून मळीचं स्पिरिट ओतायचं आणि ‘स्वनिर्मित’ म्हणून बाटली विकायची. वाइनमध्ये अशी चोरी कार्बनच्या समस्थानिकांवरून पकडतात, कारण द्राक्ष आणि ऊस हवेतला कार्बन वेगवेगळ्या तऱ्हेनं पकडतात. आसवात मात्र खरं अल्कोहोलही बहुतांशी उसाच्या गुळाचं आणि चोरीचंही उसाच्या मळीचं! दोघांची कुंडली एकच. मग यीस्टच्या कामाच्या दुय्यम खुणा शोधाव्या लागतात: ग्लिसरॉल, आम्लं, उच्च मद्यार्कं. त्या नसतील तर संशयाला जागा राहते.

मनुकांकडे वळू. मराठी मुलखाचा या बाटलीशी खरा संबंध तिथे येतो. सांगली जिल्ह्यातला तासगावचा पट्टा बेदाण्याचा. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे. थॉमसन सीडलेस किंवा तिच्यापासून निवडलेल्या तास-ए-गणेश या जातीचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि ‘डिपिंग ऑइल’च्या द्रावणात बुचकळतात. त्यानं सालीवरचा मेणाचा थर मोडतो आणि पाणी लवकर निघतं. मग शेडमधल्या जाळ्यांवर घड पसरतात. चार किलो द्राक्षांमागे साधारण किलोभर बेदाणा हाती लागतो. रंग सोनेरी राहावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात.

खायला हा पिवळा बेदाणा सुरेख. आसवाला तो अडचणीचा. गंधकाच्या धुरीतून आलेला सल्फर डायऑक्साइड यीस्टचा वैरी आहे, आणि वाइनवाले तर नको ते जंतू मारायला त्याचाच वापर करतात. काढा उकळताना त्यातला बराचसा उडून जातो, सगळा नाही. पांढरा, चकचकीत दिसावा म्हणून ‘हायड्रोस’ मारलेल्या गुळाचंही तेच. वैद्य जुना, काळसर गूळ आणि काळ्या मनुका मागतात तेव्हा ती नुसती हौस नसते.

उलट काळ्या मनुकांची स्वतःची जोखीम आहे. ढगाळ हवेत किंवा अवकाळी पावसात वाळताना घड ओले राहिले की काळ्या रंगाची अ‍ॅस्परजिलस बुरशी बसते आणि ऑक्राटॉक्सिन-ए हे विष तयार होतं. ते मूत्रपिंडांना बाधतं. उकळून जात नाही, अल्कोहोलनं मरत नाही; यीस्टच्या पेशींना चिकटून थोडंसं गाळात बसतं इतकंच. युरोपात वाइनला किलोमागे २ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे ही चाचणी बाटली भरल्यावर करण्याऐवजी मनुकांचं पोतं घेताना करणं शहाणपणाचं. फवाऱ्यांचे अंश हाही विषय तिथलाच. २०१० च्या हंगामात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडले आणि युरोपातल्या बाजारात माल अडकला. निर्यातदारांना आणि बागायतदारांना मोठा फटका बसला. तेव्हापासून निर्यातीच्या बागांवरची नजर कडक झाली. निर्यातीतून बाद ठरलेली द्राक्षं कुठे वाळतात, हे विचारणारं मात्र फारसं कुणी नाही.

राहता राहिले जड धातू. अरिष्ट आंबट असतं आणि आंबट द्रव भांड्याला खातो. तूप चोपडलेलं मातीचं भांडं यासाठीही शहाणपणाचं होतं. शिशाचं लुकण दिलेली बरणी किंवा कल्हई उडालेलं पितळ नाही. आयुर्वेदिक औषधकोशानं मर्यादा घातल्या आहेत: शिसं दशलक्ष भागांत १०, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. २००४ मध्ये अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात बोस्टनच्या दुकानांतल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी छापून आली. १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. गाजावाजा झाला. मग भारत सरकारनं १ जानेवारी २००६ पासून वनस्पतिज औषधांची जड धातूंसाठी तपासणी सक्तीची केली. कुणासाठी? निर्यातीसाठी. बोस्टनच्या गिऱ्हाइकासाठी लगेच सक्तीची ठरलेली तपासणी उज्जैनमधल्या फ्रीगंजच्या गिऱ्हाइकासाठी मात्र त्या आदेशात नव्हती.

कायद्याचा स्वभावच इथे पाहण्यासारखा आहे. औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आयुर्वेदाच्या प्रमाणग्रंथांची यादी आहे आणि २०१० मध्ये आलेला नियम १५८-ब सांगतो, की त्या ग्रंथांत दिलेलं औषध ग्रंथातल्याच उपयोगासाठी बनवत असाल तर सुरक्षिततेचा वेगळा अभ्यास मागितला जाणार नाही. शेकडो वर्षांचा वापर हाच पुरावा. याला अर्थ नाही असं नाही. द्राक्षारिष्ट पिऊन माणसं धडाधड आजारी पडत असती तर ते इतकी शतकं टिकलं नसतं. पण हा पुरावा कृतीचा झाला. इंदूरजवळच्या एखाद्या कारखान्यात अमुक महिन्यात भरलेल्या अमुक खेपेचा नाही. खेपेची जबाबदारी अनुसूची ‘टी’मधले उत्पादनाचे नियम आणि औषध निरीक्षकानं उचललेले नमुने यांवर येते, आणि निरीक्षक किती नमुने उचलतो त्यावर सगळं ठरतं.

हाच पदार्थ ‘फूड सप्लिमेंट’ म्हणून विकायचा तर दार बदलतं. तिथे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम लागतात आणि ०.५ टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय मद्य ठरतं. म्हणून फळ आंबवून पूरक आहार विकणारे एक तर लॅक्टिक किंवा अ‍ॅसेटिक जिवाणूंकडे वळतात, नाही तर अल्कोहोल उडवून पदार्थ वाळवतात. जपानची आंबवलेल्या पपईची पुडी याच जातीची: तीन ग्रॅमची, गोडसर, आणि बहुतांशी कर्बोदकं. २००२ मध्ये एचआयव्हीचे संशोधक ल्यूक माँतान्ये यांनी ती पोप जॉन पॉल दुसरे यांना सुचवली आणि तिचं नाव जगभर झालं. पोपनी घेतली म्हणून ती गुणकारी ठरत नाही, हे सांगायला नको. जाहिरातींनी मात्र ते सांगितलं नाही.

चाचणी कशी व्हावी याचा जास्त बोधक दाखला नोनीचा आहे. नोनी म्हणजे आपली बारतोंडी, आणि माळव्याची ‘आल’ही त्याच कुळातली. एके काळी माळव्यात आलची शेती होत असे ती मुळांसाठी. त्यांतून कापडाला पक्का लाल रंग मिळायचा. तो रंग देणारी रसायनं अँथ्राक्विनोन गटातली, आणि त्या गटातली काही, उदाहरणार्थ ल्युसिडिन, पेशीतल्या जनुकांना इजा करणारी. पॅसिफिक बेटांवर हेच फळ बरणीत महिना-दोन महिने मुरवून त्याचा रस पितात. अमेरिकी कंपनीनं तो रस युरोपात न्यायचं ठरवलं तेव्हा युरोपीय तज्ज्ञांनी परंपरेपेक्षा नेमका प्रश्न विचारला: मुळातली ती रसायनं फळाच्या रसात येतात का? उंदरांवर तेरा आठवड्यांचे प्रयोग, जिवाणूंवर जनुकबदलाच्या चाचण्या, ॲलर्जीच्या चाचण्या, आणि रसाचं पूर्ण विश्लेषण सादर झालं. २००३ मध्ये परवानगी मिळाली.

आणि मग ऑस्ट्रियात २००५ मध्ये नोनी पिणाऱ्या काही जणांना यकृतदाह झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. परवानगी दिली म्हणून फाइल बंद झाली नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं प्रकरणं एकेक करून तपासली आणि २००६ मध्ये मत दिलं, की या रसाचा यकृतदाहाशी कार्यकारणसंबंध असण्याची शक्यता कमी आहे.

प्राण्यांवरच्या प्रयोगात एक खाचही आहे. रसायनाच्या बाबतीत उंदराला ज्या मात्रेनं काही होत नाही तिचा शंभरावा भाग माणसासाठी सुरक्षित धरतात. आसवाला हा नियम लावायचा तर माणसाच्या मात्रेच्या शंभर पट आसव उंदराला पाजावं लागेल, आणि तो इतर कशानं नाही तरी अल्कोहोलनं आणि साखरेनंच आडवा होईल. म्हणून अल्कोहोल काढून, उरलेला अंश वाळवून तो देतात. त्यानं वनस्पतींच्या घटकांची परीक्षा होते, पण माणूस जे पितो ते जसंच्या तसं तपासलं गेलं असं म्हणता येत नाही. ही उणीव भरून काढायला माणसांवरच्या नोंदीच लागतात.

त्या नोंदींची सोय आता आहे. आयुष मंत्रालयानं २०१८ मध्ये औषधदक्षता कार्यक्रम सुरू केला. त्याचं राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे, मधली केंद्रं जयपूर, जामनगरसारख्या ठिकाणच्या राष्ट्रीय संस्थांत, आणि त्यांच्या हाताखाली महाविद्यालयांतली परिघीय केंद्रं. आसव घेतल्यावर उलट्या, कावीळ, अंगावर पुरळ, डोळ्यांपुढे धूसर असं काही झालं तर वैद्य किंवा रोगी स्वतः नोंद करू शकतो. अर्जात औषधाचं नाव पुरत नाही. कंपनी, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख विचारतात. डोळ्यांपुढे धूसर झालं तर मात्र अर्ज मागून, आधी इस्पितळ, आणि बाटली बरोबर न्यायची, तळाशी उरलेल्या घोटासकट.